दुखणं दाखवायला लागतं

‘बिचारा’ हा शब्द आमच्या ऑफिसात उच्चारायला बंदी होती. ज्याच्या तोंडून तो निघेल त्याने त्या दिवशी सगळ्यांना कांदाभजी खिलवायची, असा भोईरबाईंचा नियम होता, आणि तो पक्षकारांनाही लागू होता. कुणी आपल्या जखमी भावाला पुढे करून “मॅडम, ये बेचारा…” असं सुरू केलं की बाई हात वर करायच्या. “बेचारा भी नहीं चलेगा. भजी लगेगी.” समोरचा गोंधळायचा, मग बाजूच्या बाकावरचे जुने पक्षकार त्याला नियम समजावून सांगायचे. तेवढ्यात तो जखमी भाऊच हसायला लागायचा. हसला की बोलायला लागायचा. बाईंना तेच हवं असायचं.

अ‍ॅडव्होकेट यमुना भोईर अपघातात जायबंदी झालेल्यांचे दावे चालवायच्या. फक्त तेच. जमिनीचे वाद, घटस्फोट, चेक न वटल्याच्या केसेस असं काही घेऊन कोणी आलं, तर त्याला दुसऱ्या वकिलाचं नाव सांगून चहा पाजून परत पाठवायच्या. धामणकर नाक्यापासून दोन गल्ल्या आत त्यांचं ऑफिस होतं, म्हणजे एक लांबट गाळा. पहिल्या मजल्यावर याहून मोठी जागा याच भाड्यात मिळत होती, ती त्यांनी नाकारली. “माझी निम्मी माणसं जिना चढू शकत न्हाईत. ती खाली उभी राहून मला हाका मारनार काय?” मागच्या भिंतीपलीकडे यंत्रमाग चालायचे. दिवसभर खटाखट. नवीन माणसाला डोकं दुखायचं, बाईंना मात्र शुक्रवारी माग बंद असले की चुकल्याचुकल्यासारखं व्हायचं.

मी त्यांच्याकडे टायपिस्ट म्हणून अकरा वर्षं होते. त्याआधी कोर्टासमोर पत्र्याच्या शेडखाली माझं टायपिंगचं टेबल होतं. बाई पहिल्यांदा तिथेच आल्या, हातात एका हमालाच्या दाव्याचा मसुदा घेऊन. मी टाइप करून दिला. वकिलांची ठरलेली भाषा मला पाठ होती, म्हणून मसुद्यातल्या त्यांच्या साध्या वाक्याच्या जागी मी आपलं चांगलं वाक्य घातलं होतं, ‘अर्जदार चालण्यास असमर्थ झालेला आहे.’

बाईंनी ते वाचलं आणि मला विचारलं, “ताई, चालण्यास असमर्थ म्हणजे किती?”

मी म्हटलं, “म्हणजे चालता येत नाही.”

“चालतो की. तो बघा, आला चालत.” हमाल रस्त्यापलीकडे उभा होता. “चला माझ्याबरोबर.”

टेबलावर कापड टाकून मी त्यांच्यामागे गेले. धामणकर नाक्यावर त्यांनी त्या हमालाला रस्ता ओलांडायला लावला आणि मनगटावरच्या घड्याळात बघत त्याच्या शेजारून चालत राहिल्या. मध्येच रिक्षा, टेम्पो, हातगाड्या. एक रिक्षावाला हॉर्न वाजवून ओरडला, तेव्हा बाईंनी काळ्या कोटातला हात वर करून त्याला थांबवलं. पलीकडे पोचल्यावर त्यांनी त्याच वेळात मला एकटीला परत जायला आणि यायला सांगितलं. मी दोनदा ये-जा करूनही थोडा वेळ उरला.

“आता लिहा,” त्या म्हणाल्या, “धामणकर नाका ओलांडायला धडधाकट माणसाला जेवढा वेळ लागतो, त्याच्या चौपटीहून जास्त वेळ याला लागतो, आणि तेवढ्यात सिग्नल नसलेल्या रस्त्यावर गाड्या कुणासाठी थांबत नाहीत. असमर्थ कशाला लिहायचं? जजसाहेबांना नाका दाखवा.”

पुढच्या महिन्यात मी माझं टेबल उचलून त्यांच्या गाळ्यात नेलं.

त्यांचं एक वाक्य मी शंभर वेळा ऐकलं असेल. “दुखणं दिसत न्हाय, ते दाखवायला लागतं.” आणि ते दाखवायची त्यांची तऱ्हा वकिलाची नव्हती, नर्सची होती. कारण वकील व्हायच्या आधी सोळा वर्षं त्या नर्स होत्या.

काल्हेरजवळच्या खाडीकाठच्या गावात त्यांचा जन्म. वडील खारजमिनीत भात लावायचे आणि उरलेला वेळ होडी घेऊन मासळीला जायचे. आई धवलारीण, म्हणजे लग्नाच्या हळदीला विधीची गाणी म्हणणारी. पंचक्रोशीतलं लग्न तिच्यावाचून लागत नसे. आईला अक्षरओळख नव्हती, पण रात्र रात्र पुरतील एवढी गाणी तोंडपाठ होती. बाई म्हणायच्या, “उभं राहून शंभर मान्सांना गप करायचं कसं, हे मी लॉ कॉलेजात न्हाय शिकले, आईच्या मागं बसून शिकले.” त्यांच्या आवाजाला खरंच एक पल्ला होता. ठाण्याच्या कोर्टात एकदा त्या बाहेरच्या व्हरांड्यात हसल्या, तेव्हा आतल्या साहेबांनी शिपायाला पाठवून दार लावून घेतलं होतं.

नर्सिंगचं शिक्षण घेऊन त्या भिवंडीतल्या एका दवाखान्यात लागल्या. ड्युटी बहुतेक अपघात विभागात. मागावर बोटं गेलेले, पट्ट्यात हात अडकलेले, गोदामात अंगावर माल पडलेले असे लोक यायचे. एके दिवशी एका विणकराला आणलं. मागावरचा धोटा, म्हणजे आडवा दोरा नेणारा लाकडी ठोकळा, उडून त्याच्या डोळ्याला लागला होता. बरोबर आलेल्या माणसाने सांगितलं, “सायकलवरून पडला.” विणकर वेदनेने बेशुद्धीत. सिस्टर भोईर यांनी केसपेपरवर ते तसंच लिहिलं, ‘सायकलवरून पडून इजा’.

तीन वर्षांनी त्यांना कोर्टाचं समन्स आलं. विणकराने मालकावर दावा केला होता. मालकाच्या वकिलाने तो केसपेपर त्यांच्यासमोर धरला आणि विचारलं, “अक्षर तुमचंच?”

“हो.”

“सायकलवरून पडला असंच लिहिलंय?”

“हो, पण ते बरोबरच्या माणसानं…”

“एवढंच विचारलं होतं. जा तुम्ही.”

विणकर हरला. बाहेर व्हरांड्यात तो एका डोळ्याने त्यांच्याकडे बघत उभा होता. रागावलेला नव्हता. “सिस्टर, आपने पट्टी बहुत अच्छी बाँधी थी,” एवढंच म्हणाला.

हे त्यांनी मला एकदाच सांगितलं, आणि सांगून झाल्यावर उठून पाणी प्यायल्या. त्याच वर्षी, अडतिसाव्या वर्षी, त्यांनी कायद्याच्या कॉलेजात नाव घातलं. सकाळी कॉलेज, दुपारपासून ड्युटी. नवरा पोस्टात होता, शांत माणूस. त्याने दोन्ही मुलींचे डबे करायचं काम अंगावर घेतलं आणि, बाईंच्या मते, भाजीत मीठ घालायचं तेवढं शेवटपर्यंत विसरत राहिला.

त्यामुळे पक्षकार समोर बसला की बाई त्याला “अपघात कसा झाला?” असं पहिल्यांदा कधीच विचारत नसत. “काल काय जेवलास? कुणी भरवलं?” असं विचारायच्या. “अंघोळ कोण घालतं? पायजम्याची नाडी स्वतः बांधतोस की बायको? मुलाला कडेवर घेतलंस काय?” पुरुषमाणसं खाली मान घालायची. मग बाई शिंप्याची टेप काढून जखमेचा व्रण मोजायच्या, सांधा हळूच वाकवून बघायच्या. डॉक्टरांनी सर्टिफिकेटवर लिहिलेलं अपंगत्व चुकीचं वाटलं तर तडक डॉक्टरकडे जायच्या. विम्याच्या कंपन्यांचे वकील त्यांच्याशी मोठ्या आवाजात भांडत, पण मधल्या सुट्टीत आपली गुडघेदुखी त्यांनाच दाखवत.

खोट्याला मात्र त्यांच्याकडे थारा नव्हता. कामतघरचा एक माणूस आला होता, मोटारसायकलवरून पडून गुडघा कायमचा वाकत नाही असं सांगत. पाय ताठ ठेवून, भिंतीला धरून आला. कागद सगळे व्यवस्थित होते, जरा जास्तच व्यवस्थित. बाईंनी ते ठेवून घेतले. बोलता बोलता जेवायची वेळ झाली. बाईंचा डबा म्हणजे चार जणांचा डबा, आणि आम्ही सगळे टेबलं सरकवून खाली सतरंजीवर बसून जेवायचो. त्या दिवशी बोंबलाचं कालवण आणि तांदळाच्या भाकऱ्या होत्या. बाईंनी त्यालाही ताट वाढलं. “बस रे, जेवून जा.”

वास असा होता की मीही टायपिंग अर्धं टाकून उठले होते. तो आला आणि छान मांडी घालून बसला. दुसरी भाकरी निम्मी होईपर्यंत त्याच्या लक्षात आलं नाही. आलं तेव्हा घास हातातच राहिला.

बाईंनी त्याच्या ताटात आणखी एक बोंबील वाढला. “जेव पोटभर. गुडघा चांगला हाय, देवाची कृपा. जाताना कागद घेऊन जा.”

तो पुटपुटला, “मॅडम, तुम्ही मुद्दाम…”

“मी सापळा न्हाय लावला रे बाबा, कालवण लावलं होतं.”

माणूस ओशाळला, पण जेवण टाकून गेला नाही. पुढे दोन वर्षांनी त्याने खरोखर जायबंदी झालेल्या आपल्या शेजाऱ्याला आमच्याकडे आणलं. दारातूनच म्हणाला, “बाई, हा खरा हाय. याला वाढून बघा.” बाई इतक्या हसल्या की पलीकडचे माग ऐकू येईनासे झाले.

सोमीची केस मी कधीच विसरणार नाही. सोमी डोंगरातल्या पाड्यावरची आदिवासी बाई, चाळिशीची. लावणीच्या दिवसांत पाड्यावरच्या बायका टेम्पोत बसून सपाटीवरच्या गावांत मजुरीला जायच्या. तो टेम्पो कलंडला आणि सोमीच्या उजव्या हाताची बोटं चिरडली. बोटं शाबूत राहिली, पण त्यातली पकड गेली. ठाण्याला दावा उभा राहिला तेव्हा विमा कंपनीचे वकील म्हणाले, ही मजूर असल्याचा पुरावा काय? हजेरीपत्रक नाही, पगाराची पावती नाही, मालकाचं पत्र नाही. शिवाय बोटं तर हलतात, डावा हात धड आहे.

सोमी बाईंना म्हणाली, “मी काम करतां, ते सगल्यांना ठावां हाय. कागुद न्हाय माझ्याजवल.”

“तुझ्या हातात हाय तो कागद,” बाई म्हणाल्या.

तारखेच्या दिवशी बाई माहेरच्या शेतावरून भाताच्या रोपांची एक मूठ घेऊन आल्या, ओल्या फडक्यात गुंडाळलेली. रिक्षाभर चिखलाचं पाणी गळलं. कोर्टाच्या दारात शिपाई कुरकुरला, पण बाईंनी त्याच्या सासूच्या पायाची चौकशी केली आणि तो बाजूला झाला.

साहेबांनी चष्म्यावरून बघितलं. “भोईरबाई, हे काय आणलंय?”

“पुरावा आहे साहेब. थोडा ओला आहे.”

विमा कंपनीच्या वकिलांनी हरकत घेतली, साहेबांनी ती लिहून घेतली आणि बघायला पुढे झुकले. बाईंनी सोमीला मूठ दिली आणि लावणी करताना करते तसं करायला सांगितलं. सोमीने सवयीने मूठ डाव्या हातात धरली आणि उजव्या हाताने काड्या काढायला गेली. चिमटीत काही येईना. एक काडी आली, गळून पडली. दुसरी मोडली. तिच्या कपाळावर घाम आला. मग तिने काय केलं, मूठ उजव्या काखेत दाबली आणि डाव्या हाताने काड्या काढायला लागली. झरझर तीन-तीन काड्या, न बघता, अंगठ्याने वेगळ्या करून.

विम्याचे वकील लगेच उठले. “बघा साहेब, डाव्या हाताने उत्तम जमतंय.”

त्याच क्षणी काखेतली मूठ निसटली आणि रोपं जमिनीवर पसरली. सोमी वाकून ती गोळा करायला लागली.

“जमतंय ना,” बाई शांतपणे म्हणाल्या. “पण मूठ कोण धरणार? चिखलात ती अशी पडली तर वाहून जाते. आणि साहेब, विद्वान मित्रांनी हजेरीपत्रक मागितलं होतं. तिनं डाव्या हातानं काढलेल्या काड्या मोजून बघाव्यात. प्रत्येक वेळी तीनच आहेत. मी शेतकऱ्याची मुलगी आहे, मला न बघता असं जमत नाही. हे किती वर्षांचं काम आहे ते मला वेगळं सिद्ध करायला नको.”

साहेबांनी शिपायाला काड्या वर आणायला सांगितल्या. त्या टेबलावर ठेवून बराच वेळ बघत राहिले. “माझी आई चार लावायची,” ते कुणाकडेही न बघता म्हणाले, आणि लेखनिकाला सांगायला लागले.

निकाल सोमीच्या बाजूने लागला. पण मला आठवतो तो त्या दिवशीचा व्हरांडा. शिपाई रोपं कचऱ्यात टाकायला निघाला तर सोमीने त्याच्या हातून ती ओढून घेतली. “रोप टाकायचा नस्तो,” ती म्हणाली. फडक्यात बांधून ती पाड्यावर घेऊन गेली आणि नवऱ्याकडून बांधाच्या कडेला लावून घेतली. पिकल्यावर त्याचे मूठभर तांदूळ बाईंना पोचते झाले. बाईंनी त्याची खीर केली आणि आम्हाला प्रत्येकी एक चमचा मिळाली.

अशा सगळ्या हसऱ्या दिवसांत एकदा मात्र आमच्या ऑफिसात दोन दिवस कोणी मोठ्याने बोललं नाही.

रामसजीवन नावाचा हमाल आला होता, दोघांच्या खांद्यावर हात टाकून. काल्हेरच्या एका गोदामात माल चढवायच्या लिफ्टची दोरी तुटून त्याचा पाय सापडला होता. मालकाचं म्हणणं, हा आमचा माणूसच नव्हे, ठेकेदाराचा आहे. आणि ठेकेदार गायब. बाईंनी नेहमीसारखं कोण भरवतं, कोण अंघोळ घालतं हे विचारलं, व्रण मोजला, मग गोदामाचं नाव विचारलं. त्याने सांगितलं. बाईंची टेप हातातच राहिली.

ते गोदाम त्यांच्या धाकट्या भावाचं होतं, जयरामचं. वडिलांच्या खारजमिनीवरच उभं राहिलेलं. रामसजीवनला हे नातं माहीत नव्हतं. कुणीतरी वकीलबाई चांगल्या आहेत म्हणून सांगितलं, तो आला.

बाईंनी त्याला सरळ सांगितलं. “मालिक मेरा भाई है. मैं तुम्हारा केस नहीं लड़ सकती. अच्छे वकील के पास भेजती हूँ.” तो घाबरून उठायला लागला, तेव्हा त्याच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाल्या, “बैठो. मैंने कहा केस नहीं लड़ूँगी. झूठ बोलूँगी ऐसा नहीं कहा.”

त्याच दिवशी दुपारी त्या भावाकडे गेल्या. जाताना मला बरोबर घेतलं, बहुधा स्वतःचा राग आवरायला तिसरं माणूस असावं म्हणून. जयरामदादा झोपाळ्यावर बसले होते. मोठा, आडवा, प्रेमळ माणूस. बहिणीला बघून उठले, आत चहा सांगितला. बाई बसल्याच नाहीत.

“जयराम, रामसजीवन तुझ्याकडंच कामाला होता.”

“ठेकेदाराचा होता, बाय.” आगरी घरांत मोठ्या बहिणीला बाय म्हणतात.

“गोदामाच्या पूजेला मी आले होते. तू त्याला हाक मारलीस, रामसजीवन, बायला खुर्ची आन. मी त्याच खुर्चीवर बसून परसाद खाल्ला.”

जयरामदादा परत झोपाळ्यावर बसले. मग म्हणाले, “वकिलानं सांगितलंय तसं बोलायला. बाय, तू घरच्यांवर उलटनार काय?”

“मी उलटत न्हाय. मना कोर्टात कोनी विचारलं तर हाय ते सांगनार. एकदा मी दुसऱ्याचं खोटं माझ्या अक्षरात लिवलंय. परत न्हाय.”

चहा आला तो तसाच राहिला. परतताना रिक्षातून गाळ्याशी उतरल्यावर बाई म्हणाल्या, “सुलभा, एकच भाऊ हाय गं मला.”

ठाण्याच्या एका तरुण वकिलाने केस घेतली आणि बाईंना साक्षीदार म्हणून बोलावलं. इतकी वर्षं पलीकडून प्रश्न विचारणाऱ्या बाई त्या दिवशी पिंजऱ्यात उभ्या राहिल्या, काळा कोट न घालता, साध्या हिरव्या साडीत. समोर जयरामदादा पहिल्या बाकावर. त्यांच्या वकिलाने उलटतपासणी सुरू केली.

“भावाशी जमिनीवरून तुमचं वाकडं आहे?”

“वाकडं असतं तर पूजेला गेले असते का?”

“एका हाकेवरून तुम्ही त्याला नोकर ठरवता? मालक कुणालाही हाक मारू शकतो.”

“कुणालाही मारेल. पण नावानं नाही मारणार,” बाई म्हणाल्या. “माझ्या भावाला नावं लक्षात राहत नाहीत. लहानपणापासून. माझ्या मोठ्या जावयाला तो तीन वर्षं पाव्हणं म्हणतोय. माझ्या धाकट्या मुलीला मोठीच्या नावानं हाक मारतो. ज्याचं रामसजीवन एवढं लांब नाव त्याच्या तोंडात बसलंय, तो माणूस त्याच्यासमोर रोज असला पाहिजे, आणि वर्षानुवर्षं असला पाहिजे.”

मागच्या बाकावर कोणीतरी फिसकन हसलं. मी जयरामदादांकडे बघितलं. ते मान खाली घालून बसले होते, आणि त्यांचे खांदे हलत होते. मला वाटलं रडतायत. त्यांनी तोंड वर केलं तेव्हा कळलं की हसू आवरत नव्हतं. वकिलाच्या कोटाला धरून त्यांनी त्याला खाली बसवलं आणि कानात काहीतरी सांगितलं. पुढच्या तारखेला त्यांनी रामसजीवन आपला कामगार असल्याचं मान्य केलं. भरपाई मिळाली, लिफ्टची दोरी जाऊन लोखंडी साखळी आली. रामसजीवन गावी गेला, तिथे त्याने पिठाची गिरणी टाकली.

भाऊ-बहीण मात्र आठ महिने एकमेकांच्या घरी गेले नाहीत. जयरामदादांच्या मुलीचं लग्न ठरल्याचं बाईंना दुसऱ्याकडून कळलं. त्या दिवशी त्यांनी तीन वेळा तोच अर्ज मला परत टाइप करायला लावला.

हळदीच्या चार दिवस आधी जयरामदादा आमच्या गाळ्याच्या दारात उभे राहिले. पक्षकारांची रांग होती. ते बाकावर रांगेत बसले. त्यांचा नंबर आल्यावर बाईंनी नेहमीच्या आवाजात विचारलं, “बोला, काय दुखतंय?”

“आईची गानी कुनाला येत न्हाईत,” जयरामदादा म्हणाले. “भाड्यानं आनलेली बाई नको, पोरगी बोलते. आत्याच पायजे बोलते.”

“पोरगी बोलते? आनि तू?”

“मी पन तेच बोलतंय की बाय.”

शेजारच्या बाकावरची एक बाई हळहळून म्हणाली, “बिचारा भाऊ.” आणि सगळ्या गाळ्यात एकच गलका झाला. नियमाने भजी तिच्याकडे लागली, पण त्या दिवशी ती जयरामदादांनी आणली, दोन टोपल्या.

हळदीला आम्ही सगळे गेलो. बाई मांडवात बसून गायल्या, आईसारख्याच, न थांबता. मध्येच त्यांनी गाण्यात एक ओळ स्वतःची घातली, जावयाचं नाव विसरणाऱ्या वधूपित्याबद्दल, आणि नवरदेवाकडच्या मंडळींनीही ती उचलून धरली. जयरामदादा हळदीने पिवळे होऊन नाचत होते.

पुढे माझा मुलगा बदलापूरला घर घेऊन राहायला गेला आणि मीही त्याच्याबरोबर गेले. बाईंचं वय आता पासष्टीच्या पुढे. ऑफिस चालू आहे, ठाण्याच्या तारखा त्यांनी कमी केल्यात. मागच्या वर्षी एका शुक्रवारी मी भिवंडीला एका नातेवाइकाकडे आले होते, म्हणून गाळ्यात डोकावले. कुलूप. शेजारच्या दुकानदाराने मागच्या कारखान्याकडे बोट दाखवलं.

सुट्टीमुळे माग थांबलेले होते. एवढ्या मोठ्या शेडमध्ये एवढी शांतता मी प्रथमच अनुभवत होते. चाळीसेक कामगार जमिनीवर बसले होते, आणि बाई एका लाकडी खोक्यावर उभ्या राहून विचारत होत्या, “चोट लगी तो पहला काम?” सगळे एका सुरात, “मशीन बंद.” “दूसरा?” “अस्पताल.” “अस्पताल में क्या बोलना?” “सच बोलना, मागपे लगी.” मराठी-हिंदीची ती खिचडी त्यांना पक्की पाठ झालेली दिसत होती. बाईंनी मला दारात बघितलं, डोळ्यांनीच बसायची खूण केली आणि पुढे चालू ठेवलं.

“अब सब अपने-अपने मालिक का नाम लिखो. नाम नहीं तो दावा किसपे करेंगे?” कागद वाटले गेले. ज्यांना लिहिता येत नव्हतं त्यांना शेजारचे लिहून देत होते. पांढऱ्या दाढीचा एक विणकर कागद तसाच धरून बसला होता.

“क्या हुआ चाचा?”

“नाम नहीं मालूम, बाजी.” त्यांच्यात थोरल्या बहिणीला बाजी म्हणतात.

“कितने साल से काम करते हो?”

“बाईस साल. सब सेठ बोलते हैं, तो हम भी सेठ बोलते हैं.”

शेडभर हशा पिकला. चाचाही हसले. बाई खोक्यावरून उतरल्या, चाचांच्या हाताला धरून त्यांना उठवलं आणि म्हणाल्या, “चलो, ढूँढते हैं. बिजली के मीटर पे लिखा रहता है. नहीं तो टैक्स की रसीद पे. नाम के बिना आदमी थोड़े ही होता है.”

त्या पुढे निघाल्या आणि एकामागून एक सगळे उठले. मला परतीची रिक्षा धरायची होती, पण मी दारात थांबून राहिले. रिकाम्या गल्लीतून त्या चालल्या होत्या, एका हातात चाचांचा हात, दुसऱ्या हाताने डोळ्यांवर चष्मा चढवत. आणि कोपऱ्यावरच्या मीटरच्या पेटीवरची धूळ पदराने पुसून त्या खणखणीत आवाजात नावं वाचायला लागल्या.